डिसेंबरातलं लग्न, मे महिन्यात बघितलेलं कार्यालय

हिवाळ्यातल्या लग्नासाठी कार्यालय बघायला बोलावतात ते भर उन्हाळ्यात, दुपारी. याला माझी पहिली हरकत आहे आणि ती मी किरकोळ समजत नाही. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. अधिकात लग्नं नाहीत, त्यामुळे नाशकातली लॉन्स आणि कार्यालयं मोकळी, व्यवस्थापकांना बोलायला वेळ, आणि ताई, दाजी, भाची आणि मी असे चौघं डिसेंबरातल्या लग्नासाठी उन्हातून फिरतोय. जिथं जाऊ तिथं आधी सावली दाखवायचे, मग पंखे, मग कूलर ठेवायची जागा. "कितीही ऊन असू दे काका, इथं वारा खेळता असतो," असं सांगायचे. डिसेंबरात रात्री आठ वाजता तो वारा कुठून येतो आणि कोणत्या बाजूच्या खुर्च्यांना लागतो, असं मी विचारायचो. याचं उत्तर एकाकडूनही मिळालं नाही.

ही माणसं परगावची असती तर मी समजून घेतलं असतं. ती नाशिकचीच आहेत. निफाड शेजारचा तालुका. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान कितीतरी वेळा तिथं नोंदलं जातं, पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. शहरातही डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या खाली जाणं नेहमीचंच. इथला द्राक्षबागायतदार मण्यांना थंडीनं तडे जातील म्हणून रात्रभर जागा राहतो. मग त्याच हवेत सत्तर-पंच्याहत्तरीची माणसं चार तास बसवायची असतील, तर त्यांचा तेवढा तरी विचार व्हायला हवा. तो होत नाही. जागेची किंमत ठरते ती स्टेज, प्रवेशद्वार आणि फोटोसाठी केलेल्या झोपाळ्यावरून.

पण जागेच्या आधी तारीख आली, आणि यंदा तारखेनं जागेचा अर्धा निकाल लावून टाकला. 31 ऑक्टोबर 2026 ला गुरू सिंह राशीत जातो; त्याच दिवशी रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात सिंहस्थाचं ध्वजारोहण. सिंहस्थ गुरूत विवाह वर्ज्य, हे आमच्या व्याह्यांच्या आईंना पक्कं ठाऊक. आमच्या गुरुजींनी मात्र शांतपणे धर्मसिंधू काढला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 मध्ये पुरा केलेला हा ग्रंथ अजूनही घरोघरच्या गुरुजींच्या हाताशी असतो. त्यातला हा निषेध मुख्यतः गोदावरीच्या उत्तर तीरापासून गंगेच्या दक्षिण तीरापर्यंतच्या मुलखाला आहे. म्हणजे पंचवटीत नको, पण नदी ओलांडून जुन्या नाशकाच्या बाजूला आलं की चालेल. व्याह्यांच्या आईंनी ते मान्य केलं. लग्न दक्षिण तीरावर हवं, एवढी एकच अट त्यांनी घातली. मला ती अट मुळीच जाचक वाटली नाही. ऐंशीच्या पुढच्या बाईनं आयुष्यभर जे पाळलं ते नातवाच्या लग्नात मोडावं, असं मी सांगणार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या प्रकाराबद्दल. छत्रपती संभाजीनगर रोडवर मोठमोठी लॉन्स आहेत, ऐसपैस आहेत, पार्किंगलाही जागा आहे. पण तो रस्ता पंचवटीतून निघतो आणि नदीच्या उत्तरेनंच जातो. आम्ही तसं सांगून नम्रपणे निघालो, तर तिथला माणूस म्हणाला, "काका, आमच्या लॉनवरून नदी दिसतच नाही, त्यामुळे आपल्याला तो नियम लागत नाही." नदी दिसण्याचा आणि तिच्या तीराचा काय संबंध? पलीकडे, गंगापूर रोडच्या बाजूला, दुसऱ्यानं दर ऐकवला आणि वर सांगितलं की यंदा दक्षिण तीराला मागणी आहे. एकाला तीर महत्त्वाचा नाही आणि दुसऱ्याला तो पैशांत मोजायचा आहे. आजींच्या श्रद्धेची कदर दोघांनाही नव्हती.

थोडं थांबू, असं दाजींनी सुचवून पाहिलं. जानेवारीच्या शेवटी गुरू वक्री होऊन पुन्हा कर्केत येतो, तेव्हा दोन्ही तीर मोकळे. पण तोवर पौष लागलेला असतो, तो थेट 6 फेब्रुवारीपर्यंत, आणि ताईच्या सासरी पौषात मंगलकार्य करत नाहीत. त्यानंतर भाचीची सुट्टी जुळत नाही. राहिला डिसेंबर, राहिला दक्षिण तीर, आणि राहिली थंडी.

आता गरम पाण्याबद्दल. याबद्दल मी सविस्तर बोलणार आहे, कारण कार्यालय बघायला गेलेल्या माणसांत हे विचारणारा मी एकटाच असायचो आणि घरचेही माझ्या शर्टाची बाही ओढायचे.

आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, दुसऱ्या दिवशी सकाळी हळद आणि दुपारच्या आत मुहूर्त, असं असलं की दोन्हीकडची मिळून साठ-सत्तर माणसं रात्री कार्यालयातच राहतात. पहाटे पाचपासून आंघोळी सुरू होतात. एका माणसाला पंधरा-वीस लिटर गरम पाणी धरा. बहुतेक कार्यालयांच्या गच्चीवर सोलर आहे आणि टाकी 500 लिटरची. कडक पाण्यात गार मिसळलं तरी चाळीसेक माणसांपलीकडे ती पुरत नाही. ते पाणीही कालच्या उन्हानं तापलेलं, डिसेंबरातल्या अकरा तासांच्या दिवसात जेवढं तापेल तेवढंच, आणि नंतर रात्रभर गच्चीवर गार वाऱ्यात उभं राहिलेलं. शिवाय रात्री जेवणानंतर शंभर माणसांनी त्याच नळांवर हात धुतलेले असतात. सहा वाजता जो बाथरूममध्ये शिरतो त्याच्या बादलीत कोमट पाणी येतं, साडेसहाला गार. आणि साडेसहाला कोण जातं? ज्या बायका पहाटेपासून इतरांची आन्हिकं उरकून देत असतात त्या. काकू, मावश्या, मोठी जाऊ. सगळ्यात आधी उठणाऱ्यांच्या वाट्याला सगळ्यात शेवटची बादली येते, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे आणि ते मला अजून सहन होत नाही.

यात हळद धरलेली नाही. हळद लागली की नवरीला पुन्हा आंघोळ. अंगभर लागलेली तेल-हळद थंड पाण्यानं निघत नाही. केस ओले, बाहेर बारा अंश, आणि पुढच्या तासाभरात तिला गौरीहारापाशी बसायचं. नवऱ्याचंही तेच. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला : पहाटे पाच ते आठ या वेळात किती माणसांना गरम पाणी मिळेल?

"चोवीस तास गरम पाणी आहे काका."

"किती माणसांना?"

"सगळ्यांना."

हे उत्तर नव्हे. टाकीचा आकडा विचारला की "मोठी आहे" म्हणायचे. एका ठिकाणी नळ सोडून दाखवला आणि खरोखरच चटका बसला. मी शेजारचा गार पाण्याचा नळ सोडला, त्यातूनही तसंच पाणी आलं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आपोआप तापतं. त्याला सोलर लागत नाही. ते दाखवून पाहुण्याची खात्री पटवणं हे बरोबर नाही. ढगाळ दिवसासाठी सोलरला विजेची कॉइल असते, ती चालू आहे का, असंही मी विचारलं. "बघावं लागेल," असं म्हणाले. मग बघा ना! आम्ही उभे होतो, जिना समोर होता.

बाथरूममध्येही शिरून बघावं, असं मी सांगेन. खिडकीच्या काचेच्या झडपांतल्या दोन-तीन झडपा नसतात. उन्हाळ्यात ते लक्षातही येत नाही. हिवाळ्यात त्या फटीतून येणारा वारा ओल्या अंगावर घ्यावा लागतो. दहा रुपयांच्या पुठ्ठ्यानं बुजेल असं ते भोक वर्षानुवर्षं तसंच राहतं. खोल्यांत गादी, उशी, चादर मिळते. पांघरूण ज्याचं त्यानं आणायचं. खाली फरशी. पातळ गादीतून फरशीचा गारवा रात्री दोननंतर कंबरेपर्यंत येतो. बाहेरगावचा पाहुणा आहेर, कपडे, औषधं सांभाळत एसटीनं येणार. त्यानं रजईही बरोबर आणावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा तसा प्रवास करून बघावा. साठ रजया भाड्यानं आणायला फार पैसे पडत नाहीत. पडले तरी फुलांच्या कमानीतून ते सहज निघतात. ही सूचना मी केली तेव्हा कमानीची बाजू घेणारे घरात बरेच निघाले.

लॉनचं वेड हा वेगळाच विषय आहे. हिवाळ्यात पाऊस नाही, आकाश स्वच्छ, म्हणून उघड्यावर लग्न, असं सगळे म्हणतात. आकाश स्वच्छ असतं म्हणूनच तर रात्री थंडी जास्त पडते. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता वर सोडून देते, ती अडवायला ढग नसतात. गार हवा जड असते, ती उताराकडे सरकते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. आणि लॉन्स कुठं? नदीकाठी. त्यात हिरवळ हिरवीगार दिसावी म्हणून दुपारी पाणी मारलेलं असतं. सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आठ-साडेआठपर्यंत खुर्च्यांची सॅटिनची कव्हरं दमट होतात, नऊ वाजता टेबलावरचा कागदी रुमाल उचलला तर मऊ लागतो. बायकांनी येवल्याच्या पैठण्या कपाटातून काढलेल्या असतात. दवानं ओल्या झालेल्या गवतावरून त्यांचे काठ ओढत न्यायचे, आणि पातळ रेशमात कुडकुडत फोटोला हसायचं. वर शाल घेतली की फोटोग्राफर येऊन ती काढायला लावतो. भाचीला मी आत्ताच सांगून ठेवलं आहे की तुला वाटेल तेव्हा शाल घे, फोटोतल्या शालीनं कुणाचं लग्न अडत नाही. ती हो म्हणाली आहे. त्या रात्री तिला तसं करू देतील की नाही याची मला धास्ती आहे.

लॉनवाल्यांकडे उपाय म्हणून गॅसवरचे उंच हीटर असतात. ते दर नगाला वेगळं भाडं घेऊन मिळतात, आणि उभे करतात ते स्टेजच्या दोन बाजूंना. स्टेजवर आधीच फ्लडलाइट्सची ऊब असते. म्हातारी माणसं बसतात सातव्या-आठव्या रांगेच्या मागं, कारण पुढं व्हिडिओवाल्यांची क्रेन फिरते. मी म्हटलं, दोन हीटर मागं ठेवा. तर म्हणाले, मागं ठेवले तर व्हिडिओत येत नाहीत. याच्यावर काय बोलायचं ते मला त्या वेळी सुचलं नाही. आता सुचतं आहे : हीटर व्हिडिओत येण्यासाठी आणत नाहीत, माणसांसाठी आणतात.

रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. 2000 सालापासून तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. शेजारी माणसं राहतात, दहावी-बारावीची मुलं अभ्यास करत असतात. लॉनवाले मात्र "अकरापर्यंत आम्ही बघून घेतो" म्हणतात. आम्हाला ते बघून घ्यायला नको आहे. आम्हाला साडेनऊला माणसं जेवून घरी जायला हवी आहेत.

मग बंदिस्त हॉल बघितले. भिंती आहेत, छप्पर आहे, दारं लागतात, तेव्हा प्रश्न मिटला असं मला वाटलं. तो मिटला नाही, कारण एसी. हॉल एसी आहे म्हणून एसीचे पैसे द्यायचे, हे मी एक वेळ मान्य करीन. पण डिसेंबरात बाहेर बारा अंश असताना आत एसी चालू ठेवायचा, आणि बंद करा म्हटलं तर "सेंट्रल आहे, हवा खेळती राहत नाही" असं सांगायचं, हे मान्य होण्यासारखं नाही. त्याचे पैसे भाड्यातच धरलेले, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे माणसांना गारठवायचं आणि त्याचा करही आम्हीच भरायचा. नुसते पंखे मंद ठेवून एक्झॉस्ट चालू ठेवला तर हवा खेळती राहते, हे इलेक्ट्रिशियननं मला स्वतः सांगितलं. पण ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

त्याहून गंभीर गोष्ट होमाची. अशा हॉलमध्ये धूर ओळखणारी यंत्रं असतात, गालिचा असतो, त्यामुळे लाजाहोम आत करता येत नाही. एका ठिकाणी आम्हाला होमासाठी मागची मोकळी जागा दाखवली, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, जिथं गॅसच्या टाक्या उतरवतात. मंगलाष्टकं आत, अक्षता आत, आणि ज्या अग्नीच्या साक्षीनं सप्तपदी व्हायची तो बाहेर टाक्यांशेजारी. आगीची काळजी घ्यावी, मला तीही मान्य आहे. पण लग्नासाठी म्हणून बांधलेल्या वास्तूत होमाची जागाच धरलेली नाही, हे बांधणाऱ्याच्या लक्षात यायला हवं होतं. स्टेजच्या एका कोपऱ्यात गालिचा काढून फरशी ठेवली आणि वर धुराडं दिलं तर हे काम होतं. जुन्या कार्यालयांत ते असायचं.

जेवणाचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर ताई माझ्याशी सहमत आहे आणि ती ते बघून घेणार आहे. हिवाळ्यात उभ्यानं जेवण नको. ताट हातात घेऊन रांगेत पुढं सरकेपर्यंत पहिल्या पुरीची चामडी होते, वरणभातावरचं तूप थिजतं, आणि शेवटच्या टेबलावर पोहोचेपर्यंत भाजीवर साय धरते. पंगत बसली की वाढपी गरम आणून वाढतो आणि म्हातारं माणूस बसून जेवतं. पंगत लावा म्हटलं तर जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर असतो आणि लिफ्ट सामानाची. किमान पाचशे ताटांची हमी द्या म्हणतात; एप्रिल 2021 मध्ये सरकारनं पंचवीस माणसांत आणि दोन तासांत लग्नं उरकायला लावली होती तेव्हा हीच कार्यालयं पंचवीस ताटांना दारं उघडत होती. आम्हाला साडेतीनशे माणसं बोलवायची आहेत. उरलेल्या दीडशे ताटांचे पैसे का द्यायचे, याचं कारण कुणी दिलं नाही.

आणि ती ताटं धुणाऱ्या बायका. हे माझ्याही लक्षात उशिराच आलं, एका कार्यालयाच्या मागच्या बाजूला गेल्यावर. उघडा ओटा, वर पत्रा, गार पाण्याचा एक नळ. रात्री साडेदहाला जेवणं संपली की मोठी पातेली तिथं येणार आणि त्या दीड-दोन वाजेपर्यंत त्या पाण्यात हात घालून बसणार. मी व्यवस्थापकाला विचारलं, इथं गरम पाण्याची सोय आहे का. त्यानं खरोखर न समजल्यासारखं विचारलं, "कुणासाठी?" केटरर बाहेरचा चालत नाही, केटरर त्यांचाच, तर त्या बायकाही त्यांच्याच. त्यांना बादलीभर गरम पाणी आणि हातमोजे देण्याचा खर्च प्रत्येक ताटामागं किती येईल? त्या जागेवर मी काट मारली. दाजी म्हणाले, एवढ्यावरून जागा सोडायची का. मी म्हटलं, हो.

शेवटी जुन्या नाशकाच्या बाजूचं एक कार्यालय आम्हाला पटलं आहे. दिसायला साधं आहे. प्रवेशद्वाराला खांब नाहीत, झोपाळा नाही, आणि भाचीच्या मैत्रिणींना त्याचं वाईट वाटतंय. पण जेवणाचा हॉल तळमजल्यावर आहे, पंगतीची टेबलं आहेत, होमासाठी फरशीचा चौक आहे, आणि मागच्या अंगणात लाकडावर चालणारा मोठा बंब आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथला वृद्ध नोकर त्याची राख काढत होता. त्याला मी माझा प्रश्न विचारला. तो म्हणाला, पाचला पाणी हवं तर मी साडेतीनला पेटवतो, लाकडं तुम्ही दोन पोती जास्त सांगा, रात्री भांडीवाल्यांनाही याचंच पाणी देतो. इतक्या दिवसांत आकडा सांगणारा तो पहिला माणूस भेटला.

तिथंही एक गोष्ट अडली आहे. आगाऊ रक्कम भरताना मी पावतीवर तीन ओळी लिहून मागितल्या : पहाटे पाच ते आठ गरम पाणी, साठ रजया, बाथरूमच्या झडपांना काचा. मालक म्हणाले, हे सगळं होईल, पण पावतीवर लिहायची आमच्याकडे पद्धत नाही. छापील पावतीवर त्यांच्या अटी मात्र आहेत : फटाके नकोत, भिंतीला खिळा नको, अक्षता वाया घालवू नका, वेळ उलटली तर दर तासाला दंड. त्या मी सगळ्या वाचल्या आणि मला सगळ्या मान्य आहेत. पावतीची मागची बाजू कोरी आहे. पुढच्या आठवड्यात उरलेली रक्कम भरायची आहे, आणि त्या तीन ओळी मालकांच्या सहीनिशी लिहून घेतल्याशिवाय ती भरायची नाही, एवढं मी ताई-दाजींकडून कबूल करून घेतलं आहे.